‘ताई’ म्हणून चिमटा काढणाऱ्या जुन्या वाचकास

मागच्या आठवड्यातल्या ‘निर्वानाचं माहेर’ या लेखावर ‘एक जुना वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका वाहिनीवर रॉक संगीतावरचा कार्यक्रम लागला होता आणि निवेदक म्हणाला, ‘सिअ‍ॅटलमध्ये जन्मलेला बँड निर्वाना.’ मी लिहिलं की बँड जन्मला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबरडीन गावात, १९८७ साली, आणि बँडमधले कर्ट कोबेन, क्रिस्ट नोव्होसेलिक आणि डेव्ह ग्रोल हे तिघेही तिथलेच. सिअ‍ॅटल तिथून रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि अशा चुकीने काय वाटतं ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. त्यावर हे उत्तर आलं, जसंच्या तसं देते:

‘ताई, थोडं वाचन वाढवा. तिघेही ॲबरडीनचे असं लिहिलंय, ग्रोल तिथला नाही. बँडचा पहिला कार्यक्रम रेमंड गावात एका घरच्या पार्टीत झाला, मग बँड रेमंडचा का नाही? पहिला अल्बम सिअ‍ॅटलच्या कंपनीने काढला, जगाने त्यांना सिअ‍ॅटलमुळे ओळखलं, आणि कोबेनला स्वतःलाच ते गाव नकोसं झालं होतं. राहता राहिला तुमचा ठाण्याचा अभिमान. गावाला गेल्यावर तुम्हीही ‘मुंबईहून आलो’ असंच सांगत असाल.’

आधी त्या ‘ताई’चं बघू. मला ताई भाजीवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, सोसायटीचा वॉचमन म्हणतो. राग कधीच आला नाही. पण ‘ताई’ला जोडूनच ‘वाचन वाढवा’ आलं, की हातात नारळ ठेवून कानफटात मारल्यासारखं वाटतं. मी दहा वर्षं इथे लिहिते आहे. तुम्ही जुने वाचक आहात म्हणता, मग एवढ्या वर्षांत एकदाही ‘लेख बरा होता’ असं लिहावंसं वाटलं नाही? चूक सापडली त्या दिवशी बरोबर उगवलात.

चूक मात्र आहे, ती मान्य करते. डेव्ह ग्रोल जन्मला ओहायोत, वाढला व्हर्जिनियात आणि बँडमध्ये आला १९९० साली. ‘तिघेही’ हा शब्द माझ्या हातून घाईत गेला, लेखात दुरुस्ती केली आहे. तुमच्या नजरेतून निसटलेली आणखी एक गोष्ट मीच सांगते. क्रिस्ट नोव्होसेलिकही जन्माने कॅलिफोर्नियाचा. त्याचं कुटुंब १९७९ साली ॲबरडीनला आलं. हे माहीत असतं तर तेही फेकून मारलं असतंत. पण ही पोरं सराव कुठे करायची? नोव्होसेलिकच्या आईचं ॲबरडीनमध्ये केस कापायचं दुकान होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर. रेमंडच्या पार्टीचं म्हणाल, तर बारशाचा हॉल म्हणजे जन्मगाव नव्हे.

आता तुमचं शेवटचं वाक्य. खरं सांगायचं तर मी हे सगळं लिहायला बसले ते त्या एका वाक्यामुळे.

मी नौपाड्यात जन्मले. वडील वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होते, सायकलने जायचे. कॉलेजला माटुंग्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एकाने विचारलं, ‘ठाण्याची? इस्पितळातून सुट्टी मिळाली वाटतं!’ सगळे हसले, मीही हसले. माझ्या वयाच्या प्रत्येक ठाणेकराने हा विनोद ऐकला आहे आणि ऐकवणाऱ्या प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटायचं. म्हणजे चेष्टा करायची तेव्हा ठाणे मुंबईपासून पुरतं वेगळं, आणि कौतुकाचं काही निघालं की ‘मुंबईच ती’. १९९२ मध्ये मैत्रिणीच्या भावाने निर्वानाची कॅसेट भरून दिली. ठाणे स्लोमध्ये उभी राहून वॉकमनवर ती ऐकायचे. लाकूड कापण्याच्या गिरण्यांच्या, सदा पाऊस पडणाऱ्या गावातली ही पोरं आहेत हे कळलं, तेव्हा ती मला एकदम ओळखीची वाटली होती. सिअ‍ॅटलची म्हणून सांगितली असती तर वाटली नसती.

लग्नानंतर नेरुळला आले. माहेर ठाणे, सासर नेरुळ. लोकल थेट जाते, ऐरोली, घणसोली, तुर्भे करत. वाटेत मुंबई लागतच नाही. तरी २०१९ च्या डिसेंबरात यू टू बँडवाले आले तेव्हा जो तो म्हणाला मुंबईत आले, आणि २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले आले तेव्हाही तेच. १८, १९ आणि २१ तारखेला डी. वाय. पाटील स्टेडियमच्या आवाजाने आमच्या खिडकीच्या काचा हलत होत्या, आणि टीव्हीवरची मुलगी सांगत होती, ‘मुंबईकरांनी अनुभवली जादू.’ गल्लीत गाड्या लागलेल्या आमच्या, रस्ते बंद आमचे, रात्री बारापर्यंत जागलो आम्ही. इथे नवी मुंबईत १९९२ पासून स्वतंत्र महापालिका आहे हो. ठाण्यात तर १९८२ पासून.

आणि हो, गावाला आम्हाला ‘मुंबईवाले’च म्हणायचे. गुहागरकडच्या माझ्या आत्याला ठाणे, कल्याण, वसई सगळं मुंबईच. आईने दोनतीनदा सुधारून बघितलं, मग सोडून दिलं. मी स्वतः बंगळुरूला गेले की ‘मुंबईहून’ म्हणते. घ्या, कबूल केलं. पण आपला पत्ता आपण आखडून सांगणं वेगळं, आणि माहिती सांगण्याचा पगार घेणाऱ्याने दुसऱ्याचा पत्ता चुकवणं वेगळं. माझं नाव मी घरात काहीही लावून घेईन, रेशनकार्डावर बरोबरच पाहिजे. आपण शाळेत पाठ केलं होतं की १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदर ते ठाणे धावली. ‘मुंबई ते मुंबई’ असं कोणी शिकवलं होतं का तुम्हाला?

पावणेदोनशे किलोमीटर तुम्हाला किरकोळ वाटतात, म्हणून सांगते. ठाण्याहून पुणं त्याहून जवळ आहे. एखाद्या पुणेकराला ठाणेकर म्हणून बघा, आणि काय झालं ते मला नक्की कळवा. इंग्लंडमधल्या मँचेस्टर आणि सॅल्फर्ड यांच्या मधे तर फक्त इरवेल नदी आहे, आपल्या ठाणे-मुंबईच्या मधल्या चेक नाक्यासारखी. तिथल्या जॉय डिव्हिजन या बँडचे समनर आणि हुक हे दोघे सॅल्फर्डचे, पण बँडला सगळं जग मँचेस्टरचा म्हणतं. तिथे निदान वाद घालायला जागा आहे. ॲबरडीनच्या बाबतीत तीही नाही.

पहिला अल्बम १९८९ साली सब पॉपने काढला आणि ती कंपनी सिअ‍ॅटलची, हे मला ठाऊक आहे. नाव सासरी मोठं झालं म्हणून माहेर बदलत नाही. कंपन्या, स्टुडिओ, कोण कुठे राहायला गेलं, या सगळ्यात शिरायला आत्ता मला वेळ नाही.

कोबेनला गाव नकोसं झालं होतं, हे तुम्ही हुकमाचं पान टाकल्यासारखं टाकलंय. अहो, माहेरची उणीदुणी माहेरवाशिणीने काढायची असतात. शेजाऱ्याने नाही आणि निवेदकाने तर नाहीच. ठाण्याच्या घोडबंदर रोडला मी रोज शिव्या घालते, पण तुम्ही घालून बघा. ॲबरडीनने मात्र त्याला टाकलं नाही. २००५ साली गावाच्या वेशीवरच्या स्वागताच्या पाटीवर त्यांनी त्याच्याच गाण्यातले शब्द लिहिले.

उरलेल्या मुद्द्यांवर जमेल तेव्हा बघू. पुढच्या प्रतिक्रियेखाली नाव घालायचं नसेल तर नका घालू. गाव तेवढं लिहा.