मेसी म्हणजे फुटबॉलवाला नव्हे

केस विंचरायला दीड मिनिट पुरतं. केस विंचरलेलेच नाहीत असं दिसायला अकरा मिनिटं लागतात, शिवाय एक ड्रायर, एक डबी आणि घरच्यांकडे कानाडोळा करण्याची ताकद. एवढं सगळं करून दारात बूट घालताना मागून आवाज येतोच, “अरे, केस तरी विंचर. निघाला तसाच झिपऱ्या घेऊन!”

या प्रकाराचं पूर्ण नाव मेसी टेक्स्चर्ड क्रॉप, म्हणजे कडेला बारीक आणि वर मुद्दाम विस्कटलेल्या सुट्या बटांचा कट. नाशकात हे तिन्ही शब्द आधीच दुसऱ्यांच्या नावावर आहेत. मेसी म्हटलं की सलूनमधला दादा मोबाइलवर अर्जेंटिनाच्या कॅप्टनचा फोटो काढतो. टेक्स्चर म्हणजे नवा फ्लॅट घेतल्यावर टीव्हीमागच्या भिंतीला मारतात ते. आणि क्रॉप हा शब्द निफाड-दिंडोरीकडच्या माणसासमोर काढला, की तो यंदा द्राक्षाची छाटणी कधी धरली एवढंच विचारतो. त्याचं मात्र बरोबर आहे. हा कट म्हणजे छाटणीच. पण काडीवरचे डोळे मोजून कात्री लावणारा हा जिल्हा डोक्याच्या बाबतीत ‘बारीक का मीडियम?’ या दोन पर्यायांवर सुखात आहे.

फॅशन तशी नवी नाही. 1791 साली पॅरिसच्या रंगभूमीवर ताल्मा नावाच्या नटाने एका रोमन तरुणाच्या भूमिकेसाठी केस आखूड कापले आणि तिथल्या पोरांमध्ये त्याची लाट आली. त्यांच्याही आया काहीतरी बोलल्याच असतील.

आपल्याकडे पहिली अडचण वाराची. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशी, अमावास्या वेगळ्याच. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातला रविवार अख्ख्या गावाने धरलेला. सकाळी मिसळ हाणायची आणि तोंडाची चव तशीच घेऊन कटिंगच्या बाकावर जाऊन बसायचं, हा शिरस्ता. या कटसाठी रविवारी अकराला जाणारा माणूस फसणारच. साधी कटिंग पंधरा मिनिटांत उरकते, याला चाळीस लागतात. मागे पाच जण घड्याळ बघत बसलेले असताना कुणीही कारागीर चाळीस मिनिटं देणार नाही, आणि त्याने ती का द्यावी? बुधवारी दुपारी तीनला जावं. दुकान रिकामं असतं, पंखा आपल्याच अंगावर असतो, हातही घाईत नसतो.

जाताना केस धुतलेले आणि कोरडे हवेत. आदल्या रात्रीचं खोबरेल तसंच ठेवून गेलात, तर केस बटांनी चिकटतात, मशीनचे दात अडकतात आणि कुठे दाट, कुठे विरळ ते कारागिराला कळतच नाही.

खुर्चीत बसल्यावर सेंटिमीटर बोलू नयेत, बोटं बोलावीत. “वर तीन बोटं, पुढे दोन बोटं, भोवऱ्याला हात लावू नको.” तीन बोटं म्हणजे पाच सेंटिमीटरच्या आसपास, दोन म्हणजे साडेतीन. हे माप प्रत्येकाच्या हाताला लागलेलं असतं, त्यामुळे चूक झालीच तर नखाएवढीच होते. फोटो दाखवायचे तर तीन दाखवावेत, समोरून, बाजूने आणि मागून. शिवाय फोटोतल्या माणसाचे केस आपल्या जातीचे असावेत. आपले केस झाडूच्या काडीसारखे सरळ आणि फोटोत कुरळ्या केसांचा इटालियन, मग भांडण कुणाशी करणार?

खरी फसगत नंबरांत आहे. मशीनचा एक नंबर म्हणजे 3 मिलिमीटर, दोन म्हणजे 6, तीन म्हणजे साधारण 10 आणि चार म्हणजे 13. पण बऱ्याच ट्रिमरच्या टोपणावर नंबर नसतात, थेट मिलिमीटर छापलेले असतात. तिथे “तीन लाव” म्हटलं की 3 मिलिमीटर लागतो, आणि कानावरची कातडी दिव्यासारखी चमकायला लागते. म्हणून मशीन सुरू व्हायच्या आधी विचारावं, “दादा, तीन नंबर का तीन एमएम?” खाली दोन नंबर, त्याच्या वर तीन आणि वळणाजवळ कंगव्यावर कात्री, एवढं बहुतेकांना शोभतं. केस ताठ असतील तर कडेला तिनाच्या वर जाऊ नये. दीड-दोन सेंटिमीटरचे ताठ केस खाली बसत नाहीत, आडवे उभे राहतात, आणि डोक्याचं कदंबाचं फूल होतं.

कानाच्या वर, जिथे डोकं बाजूकडून माथ्याकडे वळतं, तिथे एक कोपरा असतो. कारागिराची नजर तिथून सटकते. बाजू मशीनने झाली, वर कात्रीने झालं, मधली गाठ राहून गेली. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. दहा दिवसांनी तिथून केस बाहेर झुकतात आणि छत्री उगवते. तो कोपरा तिथल्या तिथे कात्रीने मोडून घ्यावा.

आता वरचा भाग. सगळं टेक्स्चर इथे होतं आणि इथेच बिघडतं. बोटांत केस धरून आडवी कात्री चालवली की टोकं एका रेषेत येतात, आणि वाळल्यावर ती रेष कपाळावर फळीसारखी बसते. लहानपणचा वाटी कट तो हाच. त्याऐवजी कात्री उभी धरायची आणि टोकांत सेंटिमीटरभर आत टोचत जायचं. एक केस इथे संपला, शेजारचा जरा पुढे. या चढउतारामुळेच बटा सुट्या दिसतात. हे काम केस कोरडे असताना करून घ्यावं. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो. केसांना जरा जरी वळण असेल, तरी ओल्यात दोन बोटं ठेवलेली झुलपं वाळल्यावर दीड बोट होतात. चुकलेली बाजू वाट बघून लपते. चुकलेलं कपाळ तीन आठवडे सगळ्यांना दिसतं.

मग थिनिंगची कात्री निघते, एका पात्याला दात असलेली. द्राक्षाच्या घडात मणी दाटले की थिनिंग करतात, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. डोक्यावर हिशोब उलटा. इथे केस फुगायला नको असतात. ही कात्री मधून टोकाकडे, एका बटेला दोन-तीन वेळा, बस. मुळाशी चालवली तर तिथे बारीक खुंट उरतात, दोन आठवड्यांत ते वाढून लांब केसांना खालून ढकलायला लागतात, आणि आपण हवेला दोष देतो. पातळ केसांच्या माणसाने ही कात्री दिसताच हात वर करावा. टेक्स्चर आणि उंदराने कुरतडणं यांत दोन-तीन कचकच एवढाच फरक आहे.

भोवरा हे स्वतंत्र प्रकरण. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं असं आपल्याकडे म्हणतात. लग्नांचं माहीत नाही, पण वैताग दुप्पट हे नक्की. भोवऱ्यावर केस गोल फिरून उगवतात. आखूड केले की स्वतःच्या वजनाने पडत नाहीत, ताठ उभे राहून शेंडी होते. तिथे बाकीच्या माथ्यापेक्षा बोटभर जास्त ठेवायचे आणि केस जिकडे फिरतात तिकडेच पडू द्यायचे.

शेवटी तो सनातन प्रश्न, “मागे चौकोनी का गोल?” दोन्ही नको. “खाली विरत जाऊ दे” म्हणावं. वस्तऱ्याने कोरलेली कड आठवड्यात वाढते आणि मानेवर दुसरी कड दिसायला लागते. विरलेले केस वाढले तरी चुगली करत नाहीत. कल्ले कानाच्या मध्यावर थांबवावेत. हे बोललं नाही तर हात सवयीने वर जातो.

कट झाला की कारागीर प्रेमाने फवारा मारतो, डावीकडे भांग पाडतो, सगळं चापून बसवतो आणि मागे आरसा धरतो. समोर दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो! घाबरू नये. केस वाळवायला सांगावं, बोटांनी फिरवावेत, मग काय ते ठरवावं. लगेच पुढे येणारी चंपी हात जोडून नाकारावी. तेल लागलं की आजचा दिवस गेला.

घरचा कारभार त्यामानाने सोपा. टॉवेलने घासायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. केस ओले झाले की केराटिनच्या, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याच्या, साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात, आणि वाळताना केस ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून वाळण्याची शेवटची दोन-तीन मिनिटं महत्त्वाची. ड्रायर मध्यम गरम, वीतभर लांब. भोवऱ्याकडून पुढे, मग डावीकडे, मग उजवीकडे, कंगवा न लावता बोटांनी. शेवटी थंड हवा. याच कारणाने जुलैत गंगापूर रोडवरच्या झिरमिर पावसात अकरा मिनिटांची मेहनत अर्ध्या मिनिटात उतरते. हवेतला ओलावा तेच बंध सोडवतो.

मग क्ले, म्हणजे डबीतली केस बसवायची घट्ट पेस्ट. जेल नको, जेलने केस ओले आणि कडक दिसतात, मिरवणुकीतल्या पुढाऱ्यासारखे. क्ले भिजवलेल्या हरभऱ्याएवढी घ्यायची. तळहातांवर दिसेनाशी होईपर्यंत चोळायची आणि आधी मागे, मग माथ्यावर, सगळ्यात शेवटी हाताला उरलेली कपाळावरच्या केसांना. पहिल्या स्पर्शात सगळ्यात जास्त माल उतरतो. तो पुढे लागला तर झुलपं जड होऊन कपाळाला चिकटतात. पाच-सहा बटा चिमटीत पिळायच्या आणि हात खिशात घालायचे. जास्त झालीच तर पाणी मारू नये. आजीच्या डब्यातली चिमूटभर टाल्कम पावडर मुळाशी चोळली की तेलकटपणा शोषला जातो. चिमूटभरच, नाहीतर पीठगिरणीतून आल्यासारखं दिसतं.

डिसेंबरात नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा डबीतली क्ले गोठते, आणि नखाने खरवडलेली ढेकळं केसांत तशीच राहतात. डबीवर ड्रायर दोन-तीन सेकंद फिरवला की काम होतं. रात्री धुताना साबण वापरू नये. सोसायटीच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर बसतो आणि उशी चिकट होते. शाम्पू दोनदा लावावा.

राहता राहिलं हेल्मेट. 15 ऑगस्ट 2021 पासून नाशिक पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम काढली. डोक्यासाठी चांगलंच झालं, केसांचा विचार त्यात नव्हता. केस जरा जरी ओले असताना हेल्मेट चढवलं, तर ते आतल्या फोमच्या आकारात वाळतात. वरचा नियम इथेही लागूच. म्हणून घरी फक्त पूर्ण वाळवायचं आणि क्लेची डबी बॅगेत टाकायची. अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत कामावर पोचल्यावर गाडी स्टँडवर लावायची, हाताला पाण्याचा नुसता ओलावा घ्यायचा, मुळं सैल करायची, गाडीच्या आरशात वाकून हरभरा चोळायचा आणि बटा पिळायच्या. तेवढ्यात गेटवरचे वॉचमनकाका जवळ येतात, खिशातून कंगवा काढतात, शर्टाला पुसतात आणि पुढे करतात, “घ्या साहेब, लाजता काय?”