प्रोबेशनवर असताना सोलापूर सोडलं की जेल? त्या मेसेजमधलं एकेक तपासू

सध्या आपल्याकडं ग्रुपाग्रुपात एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आलाच असेल. थोडक्यात असा: "कोर्टानं प्रोबेशनवर सोडलेल्या माणसाला तीन वर्षं जिल्हा सोडता येत नाही, सोडला की डायरेक्ट आत. बाहेरगावी काम लागलं असेल तर गुपचूप निघून जा, कोण शोधत बसत नाही. आणि एकदा शिक्का बसला की नोकरी विसराच." मी वकिलाच्या ऑफिसात काम करतो, गेल्या आठवड्यात हाच मेसेज दाखवत एक आई रडत आली, पोराला पुण्याजवळ चाकणला काम लागलंय आणि ती त्याला जाऊ देत नाही. म्हणून लिहितोय.

पहिलं, "जिल्हा सोडता येत नाही." असं कायद्यात कुठंच नाही. लोकांनी तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यात. तडीपारी होते महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 खाली, जास्तीत जास्त 2 वर्षांसाठी, आणि त्यात तर माणसाला हद्दीच्या बाहेर काढतात. जामिनात केस अजून चालू असते, म्हणून पोलीस ठाण्यात हजेरी, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही वगैरे अटी येतात. प्रोबेशनमध्ये गुन्हा शाबित झालेला असतो, पण लगेच शिक्षा न देता कोर्ट चांगल्या वागणुकीच्या बॉण्डवर, म्हणजे लेखी हमीवर, सोडतं. हा 1958 चा केंद्राचा कायदा आहे (प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट), त्याचं कलम 4. पुढची कलमं पण याच कायद्यातली. जिल्हा सोडायलाच बंदी असती तर कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणं पण गुन्हा ठरला असता, कारण तुळजापूर धाराशिव जिल्ह्यात येतं. उलट त्याच कलम 4 मध्ये असं आहे की आरोपीचं किंवा जामीनदाराचं कायमचं राहण्याचं ठिकाण किंवा नेहमीचा कामधंदा त्या कोर्टाच्या हद्दीत असावा, नाहीतर बॉण्डच्या काळात आरोपी जिथं राहणार असेल तिथं असावा. म्हणजे माणूस दुसऱ्या गावी राहील हे कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच धरलं होतं.

"तीन वर्षं" हे पण अर्धवटच. 3 वर्षं ही वरची मर्यादा आहे, तुमच्या ऑर्डरमध्ये वर्षभराचाही बॉण्ड असू शकतो. त्यामुळं ग्रुपवर विचारत बसण्यापेक्षा कोर्टातून ऑर्डरची नक्कल काढा आणि दोन गोष्टी बघा. नुसता बॉण्ड आहे, का सोबत परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीचा आदेश पण आहे (तो असला तर किमान 1 वर्षाचा असतो)? आणि राहण्याच्या जागेबद्दल काही अट लिहिलीय का? अट नसेल तर वकिलामार्फत नवा पत्ता कोर्टाच्या रेकॉर्डवर आणा आणि जा. अट असेल तर ती बदलून घ्यायची, त्याची वाट कलम 8 मध्ये आहे. परिविक्षा अधिकारी कोर्टात अर्ज करतो, कोर्टाला पटलं तर बॉण्ड चालू असताना कधीही अटी बदलतात. म्हणून आधी त्या अधिकाऱ्याला भेटा, कंपनीचं लेटर, तिथल्या खोलीचा भाडेकरार, जे असेल ते घेऊन जा. तिकडच्या जिल्ह्यात देखरेखीला दुसरा अधिकारी नेमायची सोय कलम 13 मध्ये आहे, नेमणूक मूळ कोर्ट करू शकतं किंवा तुम्ही राहता तिथला जिल्हा दंडाधिकारी. पुणं असो नाहीतर हैदराबाद.

इथं एक गोष्ट लोक हमखास विसरतात, जामीनदार. अट बदलायच्या आधी कोर्टाला जामीनदाराचं पण ऐकावं लागतं. त्या चाकणच्या पोराचा जामीनदार त्याचा मामा, यंत्रमागावर जॉबर. मामा ऑफिसात आले ते तापूनच, "सही माझी आहे त्या कागदावर, तू तिकडं काय करशील मला इथं बसून काय कळणार?" पोरगा मान खाली घालून म्हणाला, "मामा, दर रविवारी फोन करतो, पत्ता पण लिहून देतो." मामांनी पत्ता खिशात ठेवला आणि तयार झाले. मामांचं बोलणं रास्तच होतं, कारण जामीनदार नाही म्हणाला तर कोर्ट नवा बॉण्ड मागू शकतं आणि तो नाही दिला तर मूळ गुन्ह्याची शिक्षा पण देऊ शकतं. म्हणून जामीनदाराला आधीच विश्वासात घ्या.

आता "गुपचूप जा". मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. कोण शोधत नाही हे तोपर्यंतच खरं जोपर्यंत काही होत नाही. अधिकारी घरी आला, तुम्ही नाही, घरच्यांना नीट सांगता येत नाही, त्यानं रिपोर्ट दिला की कलम 9 खाली कोर्ट समन्स काढू शकतं नाहीतर थेट अटकेचं वॉरंट. समन्स जाणार जुन्या पत्त्यावर, तुम्ही तिकडं सेकंड शिफ्टला, आणि मामांना कोर्टात उभं राहावं लागणार. जे काम एका अर्जात झालं असतं त्याचं वॉरंट करून घ्यायचं कशाला?

"डायरेक्ट जेल" हे पण तसं नाही. अट मोडली असं कोर्टाला पटलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते हे खरं, आणि ते हलक्यात घेऊ नका. पण पहिलीच चूक असेल तर बॉण्ड चालू ठेवून 50 रुपयांपर्यंत दंड करायचा पर्याय पण त्याच कलम 9 मध्ये आहे. त्यामुळं ज्यांनी आधीच घाईत गाव सोडलंय त्यांनी लपून बसू नका, वकील गाठा आणि स्वतःहून हजर व्हा.

राहिली नोकरी. कलम 12 सांगतं की दुसऱ्या एखाद्या कायद्यात शिक्षा झाल्यामुळं अपात्रता येत असेल तर ती कलम 3 (नुसती ताकीद देऊन सोडणं) किंवा 4 खाली सोडलेल्या माणसाला लागत नाही. पण गुन्हा शाबित झाला ही गोष्ट पुसली जात नाही, सरकारी नोकरीत असाल तर खातं कारवाई करू शकतं. आणि फॉर्मवर विचारलं तर खरंच लिहा, सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये अवतार सिंग केसमध्ये हेच सांगितलंय, माहिती लपवली तर नोकरी जाऊ शकते. काम शोधून द्यायला मदत करणं हे तर परिविक्षा अधिकाऱ्याचं कामच आहे, कलम 14 वाचा.

अजून एक, वागणूक चांगली आहे आणि आता देखरेखीची गरज उरली नाही असं अधिकाऱ्याच्या अर्जावरून कोर्टाला पटलं तर बॉण्ड मुदतीआधी पण संपवता येतो, कलम 8 मध्येच आहे ते. चाकणच्या पोराला मी हेच सांगितलंय, पगाराच्या स्लिपा जपून ठेव, वर्षभरानं अधिकाऱ्यापुढं ठेवायला लागतील.