सीट राखीव आहे, पण फिजिक्सचा मास्तर?

काल रात्री गंगापूर रोडच्या टपरीवर परत नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, विषय निघाला. पम्या म्हणे एसटीला, म्हणजे आदिवासींना, ७ टक्के जागा आहेत, क्वालिफाय व्हायला ५० ऐवजी ४० पर्सेंटाइल पुरतं, वर आता फुकट कोचिंग पण पाहिजे का?

सच्या सुरगाण्याचा, आश्रमशाळेत शिकलेला. एरवी असल्या वादात तो पडत नाही, चहा पितो नि निघतो. काल मात्र बसला. "४० पर्सेंटाइलनी नुसतं लिस्टमधे नाव येतं रे, सीट मार्कांवरच मिळते, आणि त्या ७ टक्क्यांत आमची गाठ कोणाशी, तर ज्याचा बाप साहेब आहे नि जो आठवीपासून नाशकात क्लास लावून बसलाय त्याच्याशी. आम्हाला अकरावीत फिजिक्सला मास्तरच नव्हता, दिवाळीनंतर एक आला तो पण तासावर."

मी म्हटलं पुण्यात बीजे मेडिकलच्या पोरांनी २०१५ ला लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट सुरू केलंय ना, एमबीबीएसवालेच फुकट शिकवतात, आदिवासी पोरांसाठी उलगुलान म्हणून वेगळी बॅच पण आहे.

"चांगलंय की, पण बारावी झालेल्या पोराला वर्षभरात १८० प्रश्नांसाठी तयार करायचं, चुकलं की मार्क कापणार, त्यात अर्धं वर्ष न्यूटन परत पहिल्यापासून." इथे सच्या जरा ताणत होता, रिपीट तर कोटाला जाणारे पण मारतात. पण त्यांच्या घरी तो दुसरा चान्स असतो, सच्याच्या घरी एक कमावता हात कमी होतो.

पम्यानं मग तमिळनाडू काढलं. तिथं २०२० पासून सरकारी शाळेतल्या पोरांना मेडिकलला ७.५ टक्के, म्हणे आपण पण जात सोडून शाळा बघू. सच्या म्हणाला अरे ते आरक्षणाच्या आतच बसवलंय, त्याच्या जागी नाही. पम्या मोबाईलवर शोधत बसला, मग गप्प. (जातीच्या दाखल्याच्या व्हॅलिडिटीचा, म्हणजे पडताळणीचा, विषय मी मुद्दाम काढला नाही, नाहीतर सकाळच झाली असती.)

हां, पम्या स्वतः एका क्लासमधे फिजिक्स शिकवतो हे सांगायचं राहिलं.

निघताना सच्यानं विचारलं, "शनिवारी येतोस का आमच्या शाळेवर, अकरावीला शिकवायला?"

"शनिवारी बॅच असते."

"रविवारी?"

"टेस्ट सिरीज."