रोल कोरा नव्हता, तुम्ही कोरा केलात

ब्लॅक अँड व्हाइट रोल लॅबमध्ये धुवायला, म्हणजे डेव्हलप करायला दिला होता. छत्तीस फ्रेम, आणि एकही आली नाही. लॅबवाल्याने काचेसारखी आरपार दिसणारी पट्टी हातात ठेवली आणि वर मलाच ऐकवलं, "कॅमेरा दाखवून घ्या, आत रोल सरकलेलाच नाही."

सरकलेला नाही? मी तिथेच पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. फ्रेम नाहीत, ठीक. पण कडेचे आकडे कुठे गेले? फिल्मचं नाव, १, १ए, २, २ए? ते मी काढत नाही, कॅमेराही काढत नाही. ते कारखान्यातूनच फिल्मवर एक्स्पोज होऊन येतात. रोल अडकू दे, शटर न उघडू दे, लेन्सचं झाकण तसंच राहू दे, रोल नीट धुतला तर कडेला आकडे उमटतातच. आणि आत उजेड शिरला असता तर निगेटिव्ह काळीकुट्ट झाली असती, अशी कोरी नाही. कडासुद्धा कोऱ्या म्हणजे चूक धुणाऱ्याची!

कशात धुतला, विचारलं. "मशीनमध्ये. सगळे रोल मशीनमध्येच जातात." झालं. सी-४१. रंगीत फिल्मचं केमिकल, ३८ अंशांचं. रंगीत फिल्ममध्ये शेवटी चित्र उरतं ते रंगांचं, फिल्मवरची चांदी ब्लीच करून फिक्सर नावाच्या द्रावणात काढूनच टाकतात. माझ्या एचपी५ सारख्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी हेच चित्र असतं हो! ती काढल्यावर मागे उरतं नुसतं प्लास्टिक. डबीवर मार्करने लिहिलं होतं, पाकिटावर लिहिलं होतं, तोंडी दोनदा सांगितलं होतं. "हो हो, ब्लॅक अँड व्हाइट ना, करतो की." कशाला करतो म्हणता? जमत नाही म्हणा ना! मी रोल परत घेऊन गेलो असतो. एक्सपी२ ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म सी-४१ मध्ये धुता येते, मान्य. म्हणूनच तर डबी वाचायची असते.

त्या रोलमध्ये आत्या होती. कॅमेरा दिसला की उठून आत जाणारी. त्या दिवशी खिडकीपाशी बसली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "काढ बाबा एकदाचा." अकरा फ्रेम गेल्या, बाराव्या वेळी हसली. ते हसू त्यांच्या फिक्सरमध्ये विरघळलं. भरपाई म्हणून काय, तर नवा रोल देतो म्हणाले. तो घेऊन आत्याला काय सांगू, तस्संच हस पुन्हा?

बरं, हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. ४०० आयएसओची फिल्म १६०० ची धरून काढलेला रोल, "दोन स्टॉप पुश", म्हणजे जास्त वेळ धुवा, असं लिहून दिलेला, धुतला ४०० चा समजून. सावल्यांत काही म्हणजे काही नाही. त्याच्या आधीच्या रोलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ ओरखडा. एकाने फ्रेमच्या मधोमध कात्री चालवली. एकाने निगेटिव्हच फेकून दिल्या, "स्कॅन मेल केलेत ना!" अरे, निगेटिव्ह ही मूळ वस्तू आहे! आणि स्कॅन तरी कसले, धूळ काढायचं इन्फ्रारेड चालू ठेवून केलेले. चांदी इन्फ्रारेड अडवते, मशीनला चित्रच धूळ वाटतं आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मेणासारख्या लिंपून टाकतं.

प्रिंटचं तर विचारूच नका. रंगीत कागदावर छापायचं आणि म्हणायचं, "थोडी हिरवट झाक येतेच." का येतेच? गाल हिरवे दिसतात तुमच्या घरात कुणाचे? आकाश जरा बर्न करा, म्हणजे तिथे जास्त उजेड देऊन गडद करा, म्हटलं की समोरचा नुसता बघत राहतो. फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येणारा मल्टिग्रेड कागद, निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली हात धरून चेहरा काळा होण्यापासून वाचवणं, हे जीव ओतून करणारी माणसं अजून आहेत. ज्यांना येत नाही त्यांनी बोर्डावरची "ब्लॅक अँड व्हाइट" ही ओळ तेवढी पुसून टाका.

परवा घरीच फिल्म धुवायला टँक आणि डी-७६ डेव्हलपर आणलं. २० अंश, साडेसात मिनिटं, दर मिनिटाला दहा सेकंद हलवायचं. एवढंच काम होतं. पण प्रिंटसाठी पुन्हा कुणाच्या तरी काउंटरवर जावंच लागणार आहे. ती कोरी पट्टी मी टाकलेली नाही. "करतो की" म्हणालात तर आधी हिच्या कडेचे आकडे मला वाचून दाखवा.