मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका

"पोरानं रॉकेल किंवा फिनाइल प्यायलं तर लगेच मिठाचं पाणी पाजा, घशात बोट घाला, सगळं बाहेर पडेल," असा मेसेज पुन्हा फिरतोय. कृपया हे करू नका.

रॉकेल पातळ असतं. पोटात असताना त्याचा जितका धोका, त्याहून जास्त ते फुफ्फुसात गेल्यावर. उलटी होताना थोडंसं जरी श्वासनलिकेत उतरलं तरी न्यूमोनिया होऊ शकतो. अॅसिड किंवा ड्रेन साफ करायची पावडर तर जाताना अन्ननलिका भाजते आणि वर येताना पुन्हा भाजते. मूल गुंगीत असेल तर श्वासनलिका झाकली जाण्याची शरीराची सोयच ढिली पडते.

आणि मीठ? एक मोठा चमचा म्हणजे साधारण 15 ते 18 ग्रॅम. उलटी झालीच नाही तर रक्तातलं सोडियम वाढून लहान मुलाला झटके येतात, जीवही जातो.

उलटीचं औषध डॉक्टर देत असत, हे खरं. अमेरिकेत इपेकॅक सिरप घरोघरी ठेवायला सांगत. पण त्यानं विष किती बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता, म्हणून 2003 मध्ये तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ते घरात वापरू नका असं सांगितलं. आता गरजेप्रमाणे रुग्णालयात अॅक्टिव्हेटेड चारकोल (पोटातलं विष शोषून घेणारा खास कोळसा) देतात, तोही रॉकेल किंवा अॅसिडवर नाही.

तोंडातलं उरलेलं पुसून काढा, 108 ला फोन करा. बाटली किंवा पाकीट सोबत न्या. कीटकनाशक असेल तर लेबलवरच्या नावावरून उपचार ठरतात.