मूल चार दिवसांत विसरत नाही

बालगृहांना मनापासून मदत करणारी माणसंच सध्या एक संदेश पुढे पाठवत आहेत, म्हणून हे सविस्तर उत्तर. संदेश थोडक्यात असा: अनाथाश्रमातल्या मुलांना कुणाचा लळा लागू देऊ नका. लहान मूल चार दिवसांत सगळं विसरतं. घरच्यांच्या भेटी बंद करा. मूल फार त्रास देत असेल तर दुसऱ्या संस्थेत हलवा. 18 पूर्ण झाली की ते आपल्या पायावर उभं राहतंच.

भेटींपासून सुरुवात करते. बालगृहातली सगळी मुलं अनाथ नसतात. कुणाची आई एकटी आणि रोजंदारीवर असते, कुणाचे वडील तुरुंगात, कुणाच्या घरी लांबलेलं आजारपण. 2015 चा बाल न्याय कायदा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो, आणि प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे दत्तक न घेता मुलाला काही काळ सांभाळणाऱ्या घरात (फॉस्टर केअर), भावंडांना शक्यतो एकत्र ठेवा असं सांगतो. घरातच छळ झाला असेल तर भेटी थांबवाव्या लागतात, पण तो निर्णय बाल कल्याण समितीने, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीने, त्या एका मुलाचा विचार करून घ्यायचा असतो. सरसकट भेटी बंद करणं ही त्या मुलांना दिलेली शिक्षाच.

‘चार दिवसांत विसरतं’ हे तर धादांत खोटं आहे. ब्रिटनमध्ये समाजकार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन आणि मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1950 च्या सुमारास रुग्णालयात एकट्या राहिलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं. मूल आधी आकांत करतं, मग खिन्न होतं, शेवटी गप्प आणि शहाण्यासारखं वागू लागतं. परिचारिकांना वाटे, रुळलं. आई भेटायला आली की तेच मूल तोंड फिरवी. विसरलं म्हणून नव्हे, दुखावलं होतं म्हणून.

लळ्याचंही तसंच. रोमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये या शतकाच्या सुरुवातीला संस्थांतली 136 तान्ही आणि लहान मुलं अभ्यासासाठी निवडली गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी प्रतिपालक कुटुंबांत गेली. त्यांची बुद्धी आणि माणसांशी नातं जोडण्याची क्षमता संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सुधारली, दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची विशेष. पुढच्या पाहण्यांत हेही दिसलं की ज्यांचं घर बदललं नाही, ती मुलं अधिक सावरली. म्हणून संस्थेतही रोज न्हाऊमाखू घालणारी, रात्री जवळ घेणारी काळजीवाहक शक्यतो तीच राहायला हवी. तिचा लळा लागणं हेच तर हवं आहे.

आता ‘हलवा’. जेवण उशीखाली लपवणारं, अंथरूण ओलं करणारं, वर्गात मारामारी करणारं मूल बहुतेकदा आधीच एकदोनदा हललेलं असतं. आणखी एका बदलीत त्याची शाळा जाते, मित्र जातात, ओळखीची बाई जाते. आपली व्यवस्थाही काही बदल लादते: सहा वर्षांपर्यंत शिशुगृह, मग बालगृह, आणि भाऊ-बहीण बऱ्याचदा वेगवेगळ्या संस्थांत. जो बदल टळत नाही, तो निदान तयारीने व्हावा. आधी दोनचार भेटी, जुन्या काळजीवाहकाची सोबत, फोटो आणि आवडीची गोधडी बरोबर. भावंडांच्या भेटींचे वार आधीच ठरलेले. आणि मूल कठीण वागतं तेव्हा समुपदेशक त्याच्यापाशी आणावा, प्रतिपालकांना सल्ला आणि थोडी उसंत द्यावी.

पैशाअभावी घर सुटू नये म्हणून केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रायोजकत्व (मूल स्वतःच्या घरी राहावं म्हणून मदत) आणि प्रतिपालकत्वासाठी महिना 4000 रुपये आहेत, राज्याच्या बालसंगोपन योजनेतून 2250. संस्थेला देणगी देणाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या एकट्या आईचा अर्ज भरून द्यावा. त्याने मूल संस्थेत येण्याआधीच थांबू शकतं.

राहिलं 18 वर्षांचं. आपल्या घरातली मुलं त्या वयात बारावीच्या निकालाची वाट बघत असतात. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी कायद्यात 21 पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे, खास परिस्थितीत त्यापुढेही. ती मिळवायची तर राहण्याची जागा, बँक खातं, अनाथ असल्यास अनाथ प्रमाणपत्र आणि अडल्यावर फोन उचलणारं एक माणूस, हे सगळं सोळाव्या-सतराव्या वर्षीच ठरवायला बसावं लागतं.