चार बोल्टचं तर काम आहे

डेट्रॉइटच्या आसपास, म्हणजे नोवी, ट्रॉय, कँटन या पट्ट्यात, मराठी माणूस आठवडाभर मोटार कंपन्यांसाठी आकडेमोड करतो आणि शनिवारी तीस-पस्तीस वर्षं जुन्या फोर्ड मस्टँगखाली आडवा होतो. हा छंद आहे की प्रायश्चित्त, यावर मी मत देणार नाही. पण त्यातल्या एका विधीबद्दल बोलायलाच हवं, कारण त्याची कीर्ती फार खोटी आहे. तो विधी म्हणजे जुना पोलादी ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या एक्सलकडे नेणारी फिरती नळी, उतरवून त्या जागी ॲल्युमिनियमचा जाड शाफ्ट चढवणं. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: 'चार बोल्टचं तर काम आहे.'

बोल्ट चार आहेत, हे खरं. 1987 ते 1993 मधल्या पाच लिटर व्ही-एट मस्टँगमध्ये शाफ्टचं मागचं टोक पिनियनच्या, म्हणजे मागच्या एक्सलमध्ये शिरणाऱ्या दातेरी दांड्याच्या, फ्लँजला (चकतीला) चार बोल्टनी बांधलेलं असतं. पुढचं टोक, म्हणजे स्लिप योक, गिअरबॉक्सच्या शेपटात 28 दात्यांच्या स्प्लाइनवर नुसतं सरकवलेलं असतं. काम एवढं सरळ दिसतं, म्हणूनच माणूस जेवायच्या आधी उरकून टाकू म्हणून गाडीखाली शिरतो. कुठल्या दिवशीच्या जेवणाआधी, ते मात्र आधी ठरवू नये.

मुळात हे करायचं कशासाठी? 'गाडी हलकी होते, मोकळी पळते' असं सांगणारे भेटतील. हिशोब करून बघा. ॲल्युमिनियममुळे चार-पाच किलो वाचतात. चाकांच्या मानाने शाफ्टचा व्यास लहान, त्यामुळे तो फिरवायला लागणारा जोरही थोडकाच. सगळं धरून फायदा पाच-सहा किलोंचा. एवढा फायदा टाकीत सात लिटर पेट्रोल कमी भरलं तरी होतो आणि त्यासाठी गाडीखाली झोपावं लागत नाही.

खरं कारण निराळं आहे. या इंजिनाचा मूळ टॉर्क 407 न्यूटन-मीटर. पाच गिअरच्या टी-फाइव्ह गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर 3.35 चा, म्हणजे शाफ्टपर्यंत पोचता पोचता त्याचे 1,360 होतात. कंपनीचा शाफ्ट हे निमूटपणे सोसतो. पण गाडीच्या मालकाला गाडी आहे तशी बघवत नाही. तो वर सुपरचार्जर बसवतो, मागे चिकट टायर लावतो आणि इंजिन पाच हजारांवर नेऊन क्लच सोडतो. पूर्वी टायर घसरायचे आणि झटका रस्त्यावर जिरायचा. आता टायर घसरत नाहीत. मग झटका वाटेतला सगळ्यात कमजोर गडी शोधतो, आणि तीस वर्षांचा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला अधिक-चिन्हासारखा तुकडा, त्याला फार शोधावा लागत नाही.

दुसरं कारण वेगाचं, आणि इथे भले भले फसतात. या गाडीला मूळ क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली दातेरी जोडी, 2.73 किंवा 3.08 चं यायचं. हौशी माणूस पहिल्याच वर्षी 3.73 किंवा 4.10 टाकतो, कारण उठाव झकास मिळतो. मात्र चाक एकदा फिरायला शाफ्टला आता जास्त फेरे मारावे लागतात. ताशी 200 किलोमीटरला 2.73 वर शाफ्ट मिनिटाला सुमारे 4,500 फेरे घेतो, 3.73 वर 6,100 आणि 4.10 वर 6,700. गाडीचा वेग तोच, इंजिनाचा आवाज ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरमध्ये, शांत, आणि सीटखाली एक नळी जिवाच्या आकांताने फिरते आहे. प्रत्येक नळीचा एक क्रांतिक वेग असतो. तिथे पोचली की ती मधोमध धनुष्यासारखी वाकू लागते. कागदावर जो आकडा येईल त्याच्या तीन चतुर्थांशाच्या पुढे जाऊ नये, हा शहाणपणाचा नियम.

आता गंमत ऐका. एकाच मापाच्या पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या नळीचा क्रांतिक वेग जवळजवळ सारखाच भरतो, कारण ॲल्युमिनियम जितकं हलकं तितकंच लवचीक. फरक पडतो तो व्यासाने. हलक्या धातूची नळी जाड करता येते, म्हणून साडेतीन इंची, म्हणजे 89 मिलिमीटरची नळी घ्यायची. व्यास वाढला की हा वेग त्याच प्रमाणात वाढतो. लांबी वाढली की तो वर्गाच्या प्रमाणात घसरतो. गाडी लांब असली की कंपन्या शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये सेंटर बेअरिंग देतात, ते याचसाठी. काटकसर म्हणून नव्हे.

लांबी मोजण्याचं प्रकरण मी विशेष जपतो, कारण पैसे इथेच बुडतात. गाडीचा भार चाकांवर हवा. मागचा एक्सल लोंबकळत ठेवून घेतलेलं माप म्हणजे दुसऱ्याच गाडीचं माप. माप घ्यायचं क्रॉसच्या मध्यापासून क्रॉसच्या मध्यापर्यंत. स्लिप योक आत पूर्ण टेकेपर्यंत ढकला, मग 19 ते 25 मिलिमीटर बाहेर ओढा. तीच त्याची बसायची जागा. याहून आत ठेवलात तर खड्ड्यात एक्सल वर येताच योक गिअरबॉक्सच्या पोटात ढुशी मारणार. फार बाहेर राहिला तर स्प्लाइनची पकड कमी, आणि जोर आला की योक डुलायला लागणार. 'अंदाजे तेवढंच असेल' हे वाक्य इथे उच्चारायचं नाही.

क्रॉस 1330 नंबरचा की 1350 चा, हेही आधी ठरवा. दोघांची रुंदी एकच, 92 मिलिमीटर. फरक क्रॉसच्या टोकांवर बसणाऱ्या टोपीच्या व्यासात: एकाची 27, दुसऱ्याची 30 मिलिमीटर. काउंटरवर दोन्ही खोकी शेजारी ठेवली तर डोळ्यांना जुळी भावंडं वाटतात. व्हर्नियर कॅलिपर खिशात घेऊन जा. दुकानदार हसला तर हसू दे. ग्रीस निपलवाला क्रॉस अनेकांना आवडतो, पण त्याच्या पोटात ग्रीससाठी भोक पाडलेलं असतं, म्हणून ताकदीला तो उणा. जोराच्या गाडीला बंद, भरीव क्रॉसच बरा.

आता ते चार बोल्ट. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि डेट्रॉइट शहराच्या खाली मिठाची खाणच असल्यामुळे हात आखडता घ्यायचं कुणाला कारण नाही. ते मीठ या बोल्टांनी तीस हिवाळे खाल्लेलं असतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्टचं डोकं 12 मिलिमीटरचं, बारा कोनी. सहा कोनी सॉकेट त्यावर बसतच नाही, आणि झिजलेलं बारा कोनी सॉकेट बसल्याचा नुसता आव आणतं. डोकं एकदा गोल झालं की मग ग्राइंडर, छिन्नी आणि इंग्रजी शिव्या. म्हणून आधी वायर ब्रशने प्रत्येक कोन साफ करा, सॉकेट तळापर्यंत ठोकून बसवा आणि लांब दांड्याने एकसंध जोर लावा. हिसके देऊ नका.

सोडवण्याआधी पांढऱ्या रंगाने शाफ्टवर आणि फ्लँजवर समोरासमोर खूण करून ठेवा. उद्या जुनाच शाफ्ट परत चढवायची पाळी आली तर तो त्याच जागी बसायला हवा. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावा: शाफ्ट निघाला की गाडी गिअरमध्ये असणं आणि नसणं सारखंच. इंजिन आणि चाकं यांचा घटस्फोट झालेला असतो. चाकांना ओंडके लावलेले नसतील आणि हँडब्रेक ढिला असेल तर गाडी आपल्या मनाने निघते, आणि तेव्हा तुम्ही तिच्याखाली असता. स्टँड एक्सलच्या नळ्यांखाली द्या, नुसत्या जॅकवर भरवसा नको. मागची बाजू उंच राहिली की गिअरबॉक्समधलं तेल पुढे पळतं आणि योक ओढताना अंगावर ओघळत नाही. त्यात सुमारे पावणेतीन लिटर लाल तेल असतं. गाडी सपाट ठेवून योक काढलात तर त्यातलं बरंचसं तुमच्या बाहीत शिरेल.

चारही बोल्ट निघाले तरी शाफ्ट हलत नाही, हा पुढचा अंक. फ्लँजच्या मधल्या गोल खोबणीत तो गंजाने घट्ट धरलेला असतो. लाकडाचा ठोकळा मध्ये धरून फ्लँजच्या कडेवर आळीपाळीने ठोकायचं. पोलादी हातोडा थेट नळीवर नको. जुना शाफ्ट विकायचा असतो, आणि पोचा पडलेल्या नळीला भंगारवालासुद्धा भाव पाडून मागतो. नवा चढवण्याआधी ती खोबण बारीक पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत साफ करा. तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी शाफ्ट केसभर तिरका बसतो, आणि ते केसभर पुढे ताशी 120 ला आरशात दिसतं. मागच्या गाड्यांचे दिवे दुप्पट होतात.

जुन्या बाजारातून शाफ्ट आणणाऱ्यांना क्रॉस बदलण्याचा जादा योग येतो. टोपीच्या आत निडल, म्हणजे बेअरिंगच्या बारीक सळया, उभ्या असतात, ग्रीसच्या भरवशावर. व्हाइसमध्ये टोपी दाबताना एक निडल आडवी होऊन तळाशी पडली की टोपी दोन-तीन मिलिमीटर आधीच थांबते आणि सर्क्लिपची, म्हणजे टोपी अडवून धरणाऱ्या कडीची, खाच दिसतच नाही. त्या क्षणी माणसाला वाटतं, जरा जोर कमी पडतोय. अजिबात नाही. बाहेर काढा, निडल मोजा, ग्रीस लावून उभ्या करा आणि पुन्हा दाबा. टोप्या ज्यात बसतात ते ॲल्युमिनियमचे कान पोलादासारखे सोशिक नसतात. हातोड्याने मनवायला गेलात तर ते कायमचे रुसतात.

बोल्ट नवे घ्या, निळं थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावा आणि समोरासमोरच्या जोड्यांनी 95 ते 129 न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळा. टॉर्क रेंच वापरा. 'हाताला कळतं' म्हणणाऱ्यांचे हात मी मानतो, पण गाडीखाली आडवं पडून, मान वाकडी करून आवळताना त्या हाताला काय कळतं याची मला शंका आहे.

ड्रॅगस्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, जाणार असाल तर एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग रेसिंग संघटनेचा नियम आहे: स्लिक (खाचा नसलेल्या गुळगुळीत) टायरवर 13.99 सेकंद किंवा त्याहून जलद पळणाऱ्या गाडीला शाफ्टखाली सुरक्षा कडं हवं. पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत, पाव इंच जाड आणि दोन इंच रुंद पोलादी पट्टीचं. कारण पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं आणि गाडी त्यावर बांबूउडी मारू बघते. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीलाही ते लावावं.

उरला कोन. गिअरबॉक्सचा दांडा आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. प्रत्येक क्रॉसवर एक ते तीन अंशांचा कोन असावा, शून्य नव्हे, नाहीतर निडल एकाच जागी बसून खड्डे पाडतात. जोर दिला की पिनियनचं नाक वर उचलतं, म्हणून आधीच ते एक-दोन अंश खाली ठेवतात. स्प्रिंगा कापून गाडी बुटकी केलेली असेल तर हा हिशोब केव्हाच बिघडलेला असतो आणि नवा शाफ्ट विनाकारण बदनाम होतो.

एवढं करूनही थरथर आलीच, तर तपास असा करायचा. त्या वेगाला क्लच दाबून इंजिन खाली येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष. शाफ्टच्या फेऱ्यागणिक एकदा असेल तर तोल गेला आहे. दोनदा असेल तर कोन. तोलासाठी पिनियनजवळ नळीवर दोन होज क्लॅम्प लावून त्यांचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत जायचं आणि प्रत्येक वेळी चक्कर मारून यायचं. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या जत्रेच्या, आधीच्या आठवड्यात डेट्रॉइटच्या उपनगरांत एकच मस्टँग त्याच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा जाताना दिसली तर तिच्या मालकाला हटकू नका, तो क्लॅम्प फिरवतोय. आणि क्लॅम्प सगळीकडे फिरवूनही फरक पडला नाही तर मागचे टायर बॅलन्स करून घ्या. ते तपासायला सगळ्यात सोपे असतात, म्हणून सगळ्यात शेवटी तपासले जातात.